निरीक्षण क्रमांक दोनशे चौदा

बाबांनी मरायला पंधरवडा चुकीचा निवडला. हे मी म्हणत नाही, त्यांची वही म्हणते. पान एकेचाळीस, निळी शाई: ‘पितृपक्षात कावळा एरवीच्या दुपटीहून जास्त वेळ घेतो. कारण उघड आहे. घरोघरी पान वाढलेले असते. पोट भरलेल्याला घाई नसते.’ हे स्वतःच्या हातानं लिहून ठेवणारा माणूस आठ सप्टेंबरला, पितृपक्ष नुकता लागलेला असताना, सकाळचा चहा अर्धा टाकून गेला.

म्हणजे दहावा दिवस सतरा तारखेला आला. नागपूरच्या परिषदेला शोधनिबंधाचा सारांश पाठवायची शेवटची तारीखही सतराच होती. संध्याकाळी पाचपर्यंत.

ही परिषद संख्याशास्त्राच्या लोकांची, डिसेंबरात भरणार होती. तिच्या आवाहनाची छापील प्रत बाबांनी फ्रिजवर चिकटवली होती, नेमकी आईच्या उपवासांच्या यादीवर. ‘कोणत्याही क्षेत्रातील मूळ आकडेवारीचे स्वागत आहे. यंदा प्रथमच मराठीतील सारांशही स्वीकारले जातील. मर्यादा अडीचशे शब्द.’ ‘कोणत्याही’ या शब्दाखाली बाबांनी दोन रेघा ओढल्या होत्या.

बाबांचं क्षेत्र कावळा होतं.

प्रा. रूपराव उमाटे यांनी वर्ध्याच्या एका कॉलेजात तेहेतीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, आणि त्यातली शेवटची काही वर्षं आणि पुढची सगळी निवृत्ती जिल्ह्यातल्या घाटांवर घालवली. दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवतात. कावळा शिवला तर माणूस सुखानं गेला, नाही शिवला तर त्याची काही इच्छा मागे राहिली, असं मानतात. मग नातेवाईक पुढे होऊन शब्द देतात, अमुक करू, तमुक सांभाळू. तरीही कावळा आलाच नाही तर दर्भाचा कावळा करून तो पिंडाला लावतात आणि सगळे जेवायला घरी जातात. बाबा हे सगळं तीस फुटांवरून, हातात स्टॉपवॉच घेऊन बघत. बावीस वर्षांत दोनशे तेरा वेळा.

‘दुसऱ्याच्या दहाव्याले एका पायावर तयार,’ आई म्हणायची, ‘अन् माह्या माहेरच्या लग्नाले यायचं तं पाय दुखते.’

त्या वहीला आईनं कधी हात लावला नाही. लावला तर आंघोळ करावी लागेल, असं तिचं म्हणणं होतं. मी मात्र ती वाचत आले. मी ग्रंथपाल आहे, छापलेलं-लिहिलेलं काहीही वाचते, आणि ती वही वाचनीय होती. प्रत्येक ओळीत तारीख, गाव, वेळ, माणसं किती अंतरावर, पानात काय ठेवलं, शब्द दिला की नाही, किती मिनिटं. आणि शेवटी शेरा. ‘आष्टी. बाजाराचा दिवस. कावळे बाजारात.’ ‘केळझर. तीन सुनांनी तीन वेगळे शब्द दिले. कावळा चौथ्या मिनिटाला, बहुधा काहीच न ऐकता.’ ‘माकडाने वडा नेला. कावळा बघत राहिला.’ ‘दोन पिंड शेजारी. कावळा एकालाच शिवला. दोन्ही घरांनी तो आपला म्हणून सांगितले.’

तीन वर्षांपूर्वी त्यांनी हे एका दुसऱ्या परिषदेला पाठवलं होतं. तिथल्या परीक्षकानं खोचक विचारलं की जिथे शब्द दिला तिथे कावळा सरासरी एकोणतीस मिनिटांनी आला आणि जिथे दिला नाही तिथे आठ मिनिटांनी, तर मग आश्वासनं ऐकून कावळा पळतो असं समजायचं का? बाबा ते पत्र वाचून इतके हसले की आईनं पाणी आणून दिलं. ‘अगं, चौथ्या मिनिटाला कावळा आला तर शब्द द्यायला वेळ कोणाला मिळतो? उशीर झाला की मगच लोक बोलायला लागतात!’ मग ते सहा महिने बसले. पंधरा मिनिटांनंतरही कावळा न आलेली प्रकरणं तेवढी वेगळी काढली आणि त्यांत शब्द दिलेली व न दिलेली ताडून पाहिली. काही फरक नव्हता. फरक पडत होता तो माणसांच्या अंतरानं, तासानं आणि पितृपक्षानं.

आणखी एक अडचण होती. एकतीस ठिकाणी कावळा आलाच नव्हता. ती प्रकरणं गाळावीत असं मी सुचवलं तेव्हा बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी ग्रंथालयातली न परतलेली पुस्तकं यादीतूनच खोडा असं सांगितलं होतं. ‘गाळायची नाहीत, जया. आपण साठ मिनिटं थांबलो आणि उठलो. म्हणजे काय कळलं? साठ मिनिटांत आला नाही, एवढंच. एकसष्टाव्याला आला असेल, दुसऱ्या दिवशी आला असेल. आपण लिहायचं साठ, आणि पुढे अधिकचं चिन्ह. साठ तरी. पुढचं माहीत नाही.’

वहीतलं निरीक्षण क्रमांक एक असंच होतं. ‘माझी आई. हिंगणी. मे महिना, दुपारी बारा. माणसे दहा फुटांवर. शब्द अकरा. १३०+.’

त्या दिवशी मीही होते. दोन तास कावळा आला नाही, आणि बाबांची मोठी बहीण, शकुबाई आत्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली होती, ‘सुनेनं म्हातारीले पोटभर वाढलं असतं तं म्हातारी कायले अडली असती?’ आजीची शेवटची चार वर्षं आईनं एकटीनं केली होती. तिनं तेव्हा काही उत्तर दिलं नाही, नंतरही दिलं नाही. पण लग्नकार्यात, हळदीकुंकवात, कुठेतरी ते वाक्य तिच्या मागेमागे येत राहिलं. बावीस वर्षं. वहीत त्या पहिल्या ओळीच्या शेऱ्यात बाबांनी लिहिलं होतं: ‘कांताचा दोष नाही. हे आकड्यांनी दाखवायचे.’

कांता म्हणजे आई. तिला ते त्यांनी कधी सांगितलं नाही. मीही नाही.

तर सतरा तारखेला आम्ही हिंगणीला बोर नदीच्या काठी उभे होतो. आकाश भरून आलेलं, पाणी गढूळ. काठावरच्या उंबरावर सहा-सात कावळे बसलेले, त्यांतला एकही उपाशी दिसत नव्हता.

प्रभाकर महाराजांनी मला पाहताच पहिला प्रश्न विचारला, “ताई, घड्याळ आणलं ना?”

“आणलं.”

“बरं केलं. सर नाईत म्हणून शिस्त मोडाची नाई.”

घाटावरचे विधी सांगणारे हे महाराज बाबांचे मुख्य बातमीदार. ‘सर, उद्या केळझरले एक आहे, नऊ वाजता. घरचे लोक चांगले आहेत, चहा भेटन,’ असे त्यांचे फोन यायचे. मोबदल्यात बाबांचे निष्कर्ष ते वापरत. सकाळी लवकर उरकायचं आणि माणसं मागे सारायची, हे त्यांनी वहीतूनच उचललं होतं. त्यामुळे एका दिवसात दोन घाट होऊ लागले, असं ते उघडपणे सांगत.

वासुदेवकाका, बाबांचे धाकटे भाऊ, विधीला बसले होते. ताज्या भादरलेल्या डोक्याला त्यांचा हात सारखा जात होता. पिंडांशेजारी भात, वडे, दही मांडून झालं. आईनं बाबांच्या आवडीची दोन गोरसपाक बिस्किटं ठेवली. मग काकांनी इकडंतिकडं पाहून खिशातून प्लॅस्टिकच्या पन्नीची छोटी पुडी काढली आणि गोरसपाकाच्या आडोशाला सरकवली.

“हे काय होय?” आईनं विचारलं.

“खर्रा, वहिनी. दादाले कवा कवा…”

“कवा कवा?”

काका पिंडाकडे बघत म्हणाले, “रोज.”

“डॉक्टरनं नाई म्हतलंतं.”

“आता काय करन डॉक्टर?”

आईनं त्या तंबाखू-सुपारीच्या पुडीकडे पाहिलं. उचलली नाही. मी ‘पानात काय ठेवलं’ या रकान्यात भात, वडे, दही, गोरसपाक, खर्रा असं लिहिलं. जे ठेवलं ते लिहायचं, हा नियम होता. निरीक्षकाचे आणखी दोन नियम होते. तीस फुटांच्या आत जायचं नाही, आणि तोंड उघडायचं नाही.

नऊ वाजून बेचाळीस मिनिटांनी मी बटण दाबलं.

महाराजांनी सगळ्यांना मागे घेतलं. पाचव्या मिनिटाला एक कावळा खालच्या फांदीवर आला आणि चोच पुसू लागला. दहाव्याला तो परत वर गेला. बाराव्या मिनिटाला शकुबाई आत्या काठी टेकत पुढे निघाली.

“बाई, मागं थांबा,” महाराज म्हणाले.

“माह्या भावापाशी जाले तुह्यी परमिशन लागते काय?” ऐंशीच्या आत्याला अडवणं कोणाला शक्य नव्हतं. तिनं पिंडापासून चार फुटांवर उभं राहून हाक मारली. “रूप्या! ये ना रे माह्या राजा. काऊन रुसला?”

कावळे अजून वरच्या फांदीवर गेले.

विसाव्या मिनिटाला काकांनी हात जोडले. “दादा, बांधावरच्या कडुलिंबाले मी हात लावणार नाई. तुह्यी शपथ.” मी शब्दांच्या रकान्यात एक रेघ मारली. मग बाबांचा एक विद्यार्थी पुढे झाला, तो आता स्वतःच निवृत्त झाला आहे. त्यानं पीएचडी पूर्ण करण्याचं वचन दिलं. दुसरी रेघ. मग काका पुन्हा: “दादा, जयाचं लगन आमी करून देऊ.” मी चव्वेचाळीस वर्षांची आहे. तिसरी रेघ मारताना माझी पेन्सिल जरा जोरात टेकली असेल.

कावळ्यांना लग्नात रस नव्हता.

एकतिसाव्या मिनिटाला आत्या मागे वळली. कोणाकडेही न बघता, पण आई उभी होती त्या दिशेला तोंड करून म्हणाली, “मायच्या वक्तीबी असंच झालंतं.”

तिथे चाळीसेक माणसं होती. आईनं पदर नीट केला, नीटच होता तो.

काका घाईनं माझ्याकडे आले. “जया, तू बोल ना. थो नागपूरचा पेपर. दादाचा जीव त्याच्यातच अडकला असन. म्हण का मी वाचून दाखवीन नागपुरात. एवढंच म्हण.”

मी मानेनं नाही म्हटलं.

“काऊन?”

मी हातातलं घड्याळ दाखवलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं ते मी समजू शकते. बाप गेला आणि पोरगी स्टॉपवॉच दाखवते.

पण काकांचा अंदाज चुकीचा नव्हता. सारांश तयार होता, बाबांनी सहा तारखेलाच पूर्ण केला होता. फॉर्ममध्ये ‘सादर करणार’ या शब्दांपुढे त्यांनी ‘स्वतः’ असं लिहून ठेवलं होतं. आता तिथे दुसरं कोणाचं तरी नाव हवं होतं, आणि ते माझ्याखेरीज कोणाचं असणार? मला बारावीला संख्याशास्त्रात एकेचाळीस गुण होते. खोलीभर संख्याशास्त्रज्ञांपुढे उभं राहून कावळ्यांबद्दल बोलायचं, या विचारानं गेले नऊ दिवस मी तो फॉर्म उघडत आणि मिटत होते.

चाळिसाव्या मिनिटाला ते वाक्य माझ्या जिभेवर आलं. बाबा, मी वाचीन. तीन शब्द. खरं सांगायचं तर म्हणावंसं वाटतच होतं, कावळ्यासाठी नव्हे. पण मी बोलले असते आणि नेमका तेव्हाच एखादा कावळा खाली आला असता, तर चाळीस माणसांनी पुढची चाळीस वर्षं सांगितलं असतं, रूपराव सरांची इच्छा पोरीनं ओळखली आणि कावळा शिवला. बावीस वर्षांची वही तिथेच, वड्याशेजारी संपली असती. आणि मी बोलले नाही, कावळा आला नाही, तर ते पुन्हा आईच्या पदरात पडणार होतं. तिथे उभी राहून मी दोन्ही बाजूंनी हिशेब करत होते, आणि दोन्हीकडे घरचंच माणूस होतं.

सत्तेचाळीस. आत्या म्हणाली, “पोरीलेबी मायचंच वळण. तोंडातून शब्द नाई निघत.”

तेव्हा आई हलली. ती सरळ पिंडापाशी गेली. मला वाटलं, ती आता शब्द देणार. काय देईल याचा मी अंदाजही बांधला, निरीक्षकानं बांधू नये तरी.

“अवो,” आई म्हणाली, नेहमी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत ऐकू जाईल असा आवाज लावून, “पोरगी केव्हाची उभी आहे. माही बीपीची गोळी राह्यली आहे. यायचं तं या, नाई तं राहू द्या.”

एवढं बोलून ती थांबली. सगळे थांबले. उंबरावरून एक पिकलं फळ पडलं, एवढंच.

मग ती माझ्याकडे वळली. “किती झाले?”

बोलायचं नाही हा नियम मी पहिल्यांदा मोडला. “बावन्न.”

“लिही मंग. महाराज, दर्भाचा कावळा करा.”

“अवं, थांब ना,” आत्या म्हणाली. “असं कसं? त्याचा जीव अडकला आहे.”

“शकुबाई,” आई म्हणाली. बावीस वर्षांत तिनं आत्याला प्रथमच नावानं हाक मारली. “तुमचा भाऊ जिता असताना कवा एका हाकेत जेवाले आला काय? तीन हाका माराव्या लागे. पुस्तकाचं पान झाल्याबिगर उठे नाई. ताट गार होऊन जाये. आता मेल्यावर कुठून येईन शिस्त? अन् सासूबाईले मी वाढलं का नाई, थे त्यायले माहीत होतं. कावळ्याले विचारायची गरज नाई.”

मागे कोणीतरी हसलं. तो पीएचडीवाला असावा. आत्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आणि कोणी पाणी देता काय म्हणून विचारलं. महाराजांनी दर्भाला गाठ मारली.

मी बटण दाबलं. ५२+.

घाटावरून निघताना मागे वळून बघायचं नसतं. आम्ही वीसेक पावलं गेलो असू, तेव्हा मागे पंखांचा आवाज झाला, आणि पाठोपाठ पन्नीचा. मी मान वळवणार होते.

“मागं पाहू नको,” आई म्हणाली.

“आई, पण…”

“घड्याळ बंद झालं ना? चाल मंग.”

तिथे काय उतरलं, कावळा की साळुंकी की कुत्रं, ते मला माहीत नाही. वहीतही नाही.

वर्ध्याला घरी पोचलो तेव्हा तीन वाजून गेले होते. आईनं गोळी घेतली. मी लॅपटॉप उघडला आणि आकडे बदलले. दोनशे तेराचे दोनशे चौदा, एकतिसाचे बत्तीस. अधिकचं चिन्ह बाबा कसं मांडत ते बघायला मी वही पहिल्या पानावर उघडून टेबलावर ठेवली होती. आई चहा घेऊन आली, कप वहीवर ठेवू नये म्हणून तिनं वही उचलली, आणि आंघोळीचं विसरून चष्मा लावला.

ती बराच वेळ त्या एकाच ओळीवर होती.

“याच्यासाठी?” ती म्हणाली.

“हो.”

“बावीस वर्षं?”

“हो.”

आईनं वही मिटली. “सरळ शकुबाईले दोन शब्द सुनावले असते तं एका दिवसात झालं असतं काम.” मग चष्मा काढून तिनं तो पदरानं पुसला, उलटसुलट, पुन्हा पुन्हा. मी स्क्रीनकडे बघत राहिले.

फॉर्म सारांश घेईना. शब्द दोनशे एक्कावन्न झाले होते. बाबांचे मोजून अडीचशे होते. मी पहिल्या वाक्यात त्यांच्या नावाआधी एक शब्द घातला होता.

“कोणता?” आईनं विचारलं.

“दिवंगत.”

“काढ थो. आकडे मोजतानी तं जितेच होते.”

मी काढला. फॉर्मनं सारांश घेतला. आता ‘सादर करणार’ एवढा एकच रकाना उरला. ‘स्वतः’ खोडून मी तिथे माझं नाव लिहिलं, पूर्ण, बाबांच्या नावासकट.

“मी वाचीन हा नागपुरात,” मी म्हणाले.

“मले काऊन सांगून राह्यली? त्यायले सांग.”

घड्याळ सकाळीच थांबलं होतं, आता शब्द द्यायला हरकत नव्हती. मी दिला, फ्रिजकडे तोंड करून, कारण त्यांचं अक्षर तिथे होतं. मग बटण दाबलं. चार वाजून अडतीस मिनिटं झाली होती. पोच लगेच आली: ‘प्रा. रूपराव उमाटे, आपला सारांश मिळाला. परिषदेत आपली वाट पाहत आहोत.’

आईनं ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

“पाहू द्या,” ती म्हणाली, आणि चहा गार झाला म्हणून परत गरम करायला घेऊन गेली.